गर्भवतींचे पोषण व अन्नसुरक्षा, बुलढाणा जिल्हा

गरोदरपणातील आहार व धान्यहक्क यांची बुलढाणा जिल्ह्यातील (अमरावती विभाग) स्थिती. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, 2013 नुसार गर्भवतीला व प्रसूतीनंतर सहा महिने अंगणवाडीतून विनामूल्य आहार मिळतो. त्याचे प्रमाण रोज 600 किलोकॅलरी व 18 ते 20 ग्रॅम प्रथिने. हा पूरक आहार आहे; पण गरीब घरात तो सगळ्यांच्या ताटात वाटला जातो आणि गर्भवतीच्या वाट्याला त्यातला थोडाच येतो.

जिल्ह्यात ज्वारीची जागा सोयाबीन व कपाशीने घेतल्याने भाकरीचे धान्यही अनेकदा विकत घ्यावे लागते. रेशनवरचा गहू-तांदूळ भूक भागवतो. लोह व प्रथिनांसाठी मात्र तूर, हरभरा, शेंगदाणे, पालेभाज्या, अंडी लागतात. राज्यातील शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना 2023 मध्ये धान्याऐवजी माणशी दरमहा 150 रुपये देण्याचे ठरले. त्यांत बुलढाणाही आहे. रोख रक्कम स्वयंपाकघरापर्यंत पोचेलच, याची हमी मात्र नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत कोरकू, भिल्ल, निहाल वस्त्या आहेत. शेजारचा मेळघाट अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात येतो, बुलढाणा येत नाही; त्यामुळे केवळ त्या क्षेत्रासाठीच्या योजना या वस्त्यांना मिळत नाहीत. पूर्णाखोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजलच खारट असल्याने पिण्याच्या पाण्याचाही प्रश्न आहे.

अन्नसुरक्षा कायद्याने किमान 6000 रुपये मातृत्वलाभ ठरविला. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत (2017) पहिल्या अपत्यासाठी 5000 रुपये मिळतात. लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या किमान 180 दिवस घ्यायच्या असतात. मळमळीमुळे त्या मध्येच सुटतात. डोहाळजेवण सातव्या महिन्यात होते, पण लोहाची जुळवाजुळव त्याच्या कितीतरी आधी सुरू व्हावी लागते.