त्र्यंबकेश्वरचा वारसा: आधी प्रश्न नेमका करा

संशोधनाची तयारी करणाऱ्यांकडून एक विषय सारखा ऐकू येतो: 'वारसा जतन आणि विकास यांचा समतोल'. विषय महत्त्वाचा आहे, पण तो अजून संशोधनाचा प्रश्न झालेला नाही. एमएस्सी करून पीएचडीला आले तेव्हा मीही असाच आराखडा लिहिला होता. तो परत आला, वर दोनच शब्दांचा शेरा: 'नेमकं काय?' हे 'नेमकं काय' कसं शोधायचं, ते आज त्र्यंबकेश्वरच्या उदाहरणातून बघू.

आधी कालक्रम लावा

गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते, दिसेनाशी होते आणि खाली गावात कुशावर्तात पुन्हा प्रकटते, अशी श्रद्धा आहे. गौतम ऋषींनी कुश गवताने तिला इथे अडवलं, ही कथा तुम्ही ऐकली असेल. बेसाल्टच्या थरांमधल्या भेगांतून पाणी मुरतं आणि खाली झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला माहीत असतं. कथा बाजूला टाकू नका. लोकांनी पाण्याचं काय निरीक्षण केलं होतं, त्याचा माग तिच्यात असू शकतो.

कुशावर्ताचं आजचं दगडी बांधकाम होळकरांचे फडणीस पारनेरकर यांनी १७५० च्या सुमारास केलं. मंदिराचं काम नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये सुरू केलं. ते १७६१ मध्ये, पानिपतच्या वर्षीच वारले. मंदिर पूर्ण झालं १७८६ मध्ये. म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ काम चाललं. इतकी वर्षं दगड, पाथरवट, मजूर आणि पैसा गावात येत राहिला. आज आपण ज्याला वारसा म्हणतो, तो त्या काळी गावाचा सर्वांत मोठा विकास प्रकल्प होता! दोन्ही शब्द एकमेकांविरुद्ध उभे करण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

मग बघा, संरक्षण कशाला आहे?

मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. २०१० च्या कायदा दुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. जुन्या वाड्यात राहणाऱ्याला साधी दुरुस्ती करायची तरी अर्ज करावा लागतो. वारशाची किंमत कोण मोजतं, हा प्रश्न इथे अगदी घरगुती होतो. जानेवारी २०२३ मध्ये शिवलिंगाच्या संवर्धनासाठी मंदिर काही दिवस भाविकांसाठी बंद होतं. दगड झिजतो, हे आपल्याला दिसतं आणि त्यावर उपायही होतो.

पण पाण्याचं काय? दर बारा वर्षांनी सिंहस्थ येतो: २००३, २०१५ आणि आता २०२७. शैव आखाडे कुशावर्तात स्नान करतात. २०११ च्या जनगणनेत जेमतेम १२ हजार वस्तीच्या या गावात लाखो माणसं येतात. त्यांना रस्ते, घाट, शौचालयं हवीतच. पुरोहित, पेढेवाले, लॉजवाले, रिक्षावाले यांचं घर त्याच गर्दीवर चालतं. मात्र गेल्या काही दशकांत गावातलं गोदावरीचं पात्र स्लॅबखाली गेलं. वर चालायला जागा झाली, नदी मात्र दिसेनाशी झाली. जोराचा पाऊस झाला की तेच पाणी रस्त्यावर येतं. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं.

आणखी थोडं वर चढा. तालुक्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तरी ब्रह्मगिरीच्या अंगावरच्या मेटघर किल्ल्यासारख्या आदिवासी वस्त्यांवर उन्हाळ्यात बायका पाण्यासाठी विहिरीत उतरतात. देशभरातून लोक ज्या नदीत बुडी मारायला येतात, तिच्या उगमाशी हंडा रिकामा. या बायकांना विचारल्याशिवाय 'विकास' हा शब्द तुमच्या प्रबंधात येऊ देऊ नका.

आता प्रश्न लिहा

माझा सुधारलेला प्रश्न असा झाला: १७५० पासून त्र्यंबकमधल्या प्रत्येक मोठ्या बांधकामाने पाण्याची वाट कुठे बदलली, आणि त्याचा फायदा-तोटा कुणाला झाला?

बघा, याला पुरावे शोधता येतात. पेशवे दफ्तर, १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमधलं वर्णन, नगरपरिषदेचे नकाशे, विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. इतिहास आणि भूशास्त्र एकाच वहीत येतात. उत्तर चुकीचं ठरू शकतं, हेही महत्त्वाचं. 'समतोल हवा' हे वाक्य कधीच चुकीचं ठरत नाही, म्हणून ते संशोधनात फारसं उपयोगी नाही.

घाई मात्र आहे. २०२७ ची कामं होत आहेत. जे उद्या काँक्रीटखाली जाईल, त्याची नोंद आजच व्हायला हवी. त्र्यंबकला गेलात तर दर्शन झाल्यावर कुशावर्तापासून नदीच्या बाजूने गावाबाहेर चालत जा. पाणी कुठे दिसलं, कुठे दिसेनासं झालं, कुठे नुसता वास आला, तारीख-वेळेसकट लिहा. तुमच्या क्षेत्रकामाच्या वहीचं पहिलं पान तयार होईल.