काचेत न मावणारा मासा

१/ थ्रेड 🧵
सिंधुदुर्गाच्या तटावर उभे राहिले की आपल्याला मराठ्यांचे आरमार आठवते. त्याच तटाभोवतीच्या पाण्यात प्रवाळांची एक जुनी वसाहतही आहे. फुलपाखरू मासा अशाच वसाहतींचा रहिवासी. घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत त्याला ठेवणे इतके अवघड का, या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

२/ आधी नाव पाहू. १७५८ मध्ये लिनियसने या माशांच्या प्रजातीला 'कीटोडॉन' म्हटले. या ग्रीक नावाचा अर्थ 'केसांसारखे दात असलेला'. पुढची सारी कथा या दातांची आहे. या कुळातील अनेक मासे त्यांनीच जिवंत प्रवाळांचे मऊ जीव टिपून खातात.

३/ समुद्र दिवाणखान्यात आणण्याची हौस व्हिक्टोरियन इंग्लंडमधली. १८५० मध्ये रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी वनस्पती, मासे आणि गोगलगायी यांच्या मेळातून टाकीतले पाणी न बदलताही स्वच्छ राहते, असे दाखवले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले.

४/ त्यामागचे निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ मध्ये 'द अ‍ॅक्वेरियम' हा ग्रंथ लिहिला आणि कृत्रिम समुद्रजलाची कृतीही दिली. छंदाची लाट उसळली. संग्राहकांनी किनाऱ्यावरची खडकांतली डबकी ओरबाडली. गॉस यांचे पुत्र एडमंड यांनी १९०७ च्या आत्मचरित्रात या ऱ्हासाबद्दल हळहळ नोंदवली आहे.

५/ महाराष्ट्रातील सामान्य माणसाला समुद्री मासे काचेतून दाखवण्याचे मोठे काम मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने केले. ते १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर उघडले. तिथे समुद्र समोरच होता. घरात मात्र क्षार, तापमान आणि स्वच्छता, हे सारे माणसालाच सांभाळावे लागते.

६/ माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया साचतो आणि तोच त्यांना मारतो. १९६१ मध्ये जकार्ताचे ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे यांवर टाकी चालवण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. खडकांवरचे जिवाणू पाणी शुद्ध राखतात. पुढे घरगुती प्रवाळटाकी याच वाटेने घडली.

७/ पाण्याचा प्रश्न सुटला, अन्नाचा उरला. 'कीटोडॉन ऑरिगा'सारख्या जाती इतर खाद्य स्वीकारू शकतात. पण 'कीटोडॉन ट्रायफॅसिएटस' जवळजवळ प्रवाळांवरच जगतो. पाणी निर्मळ असले, समोर खाद्य टाकलेले असले, तरी तो उपाशी मरू शकतो.

८/ आता मालवणकडे वळू. १९७९ मध्ये कासीम आणि वफर या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यावरील जिवंत प्रवाळांची नोंद प्रसिद्ध केली. तीत मालवण आहे. १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रासह २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य ठरले, त्यातील ३.१८ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र आहे. पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यावर पोट भरणाऱ्या मच्छीमारांनी त्याला विरोध केला. तो विरोध समजून घेतल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

९/ २००१ मध्ये खडकनिर्मिती करणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. म्हणजे या माशाचे ताटच कायद्याने संरक्षित झाले. २०१७ मध्ये केंद्राने मत्स्यालय दुकानांसाठी नियम काढले; १५८ जातींच्या विक्रीवर व प्रदर्शनावर निर्बंध घालणाऱ्या यादीत फुलपाखरू मासेही होते. व्यावसायिकांच्या विरोधानंतर ते नियम मागे घेतले गेले.

१०/ या इतिहासाला दोन बाजू आहेत. काचेच्या पेटीमुळेच लाखो लोकांना समुद्राचे अंतरंग पाहता आले. पण ज्या किनाऱ्यावरून ती पेटी भरली, त्याचा हिशेब छंदाने क्वचितच ठेवला. आज मालवण-तारकर्लीला पर्यटक डोळ्यांवर मुखवटा चढवून पाण्यात उतरतात. काच तीच, आता तिच्याआड माणूस असतो आणि मासा आपल्या घरी. मात्र प्रवाळावर पाय पडला, नांगर आदळला, तर किनारा ओरबाडण्याचा तोच जुना इतिहास पुन्हा सुरू होईल.