चाकामागचा माणूस

बायबलच्या जुन्या करारात, राजांच्या दुसऱ्या पुस्तकात एक प्रसंग आहे. काळ इसवी सनापूर्वीच्या 9व्या शतकातला. इस्राएलचा सेनानी येहू राजा योरामविरुद्ध बंड करून निघालाय. इज्रेलच्या बुरुजावरच्या पहारेकऱ्याला दुरून एक तुकडी येताना दिसते. चेहरे दिसत नाहीत, पण रथ ज्या बेफामपणे हाकला जातोय त्यावरून तो सांगतो, हा येहूच असणार. ओळख बरोबर निघते. तरीही योराम स्वतः रथात बसून त्याला सामोरा जातो, सारं ठीक आहे ना असं विचारतो आणि बाणाने मारला जातो. रथाच्या चालीवरून माणूस कळला, पण त्याच्या मनातला बेत कळला नाही.

आपल्याकडची नळ-दमयंतीची कथा याच्या शेजारी ठेवण्यासारखी आहे. रूप पालटलेला नळ बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी झालेला. रथ विदर्भात शिरतो तेव्हा दमयंती त्याचा घोष ऐकते आणि तिला वाटतं, असा रथ नळच हाकू शकतो. पण ती तेवढ्यावर थांबत नाही. केशिनी दासीला पाठवते, बाहुकाला प्रश्न विचारवते, त्याने शिजवलेलं अन्न चाखून बघते, मुलांना त्याच्यासमोर पाठवते. मग खात्री करते.

गाडी हाकण्यावरून माणूस ओळखावा ही हौस अशी फार जुनी आहे. तिला शास्त्राचं रूप मिळालं ते 20व्या शतकात, आणि निमित्त झालं अपघातांचं. 1912च्या सुमारास हार्वर्डमधले मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे ट्रामचालकांचा प्रश्न आला. त्यांनी ट्रामचा रस्ता कागदावर मांडला. मधे रूळ, दोन्ही बाजूंना चौकोनांत आकडे. 1 म्हणजे पादचारी, 2 म्हणजे घोडा, 3 म्हणजे मोटार. काळे आकडे रुळाला समांतर चालणारे, तर लाल आकडे रुळाकडे येणारे. पट्टा सरकत असताना नेमकं कोण रुळावर येणार हे चालकाने झटपट सांगायचं. डोळे किती तेज किंवा हात किती चपळ यापेक्षा पुढे काय होणार याचा अंदाज किती आणि लक्ष किती टिकतं, हे त्यांना मोजायचं होतं. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यानेही वाहनचालक निवडायला मानसशास्त्रीय चाचण्या वापरल्या.

1919 साली इंग्लंडमध्ये ग्रीनवुड आणि वुड्स यांनी दारूगोळ्याच्या कारखान्यांतल्या अपघातांचा हिशोब मांडला. बरेचसे अपघात थोड्याच कामगारांच्या वाट्याला आले होते. त्यातूनच पुढे 'अपघातप्रवण माणूस' ही कल्पना रुजली.

तिचा सर्वांत गाजलेला प्रयोग 1949चा. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या लंडन शहरात टिलमन आणि हॉब्ज यांनी टॅक्सीचालकांचा अभ्यास केला. वारंवार अपघात करणारे चालक चटकन चिडणारे, हॉर्न बडवणारे, सिग्नल सुटताच शर्यत लावणारे दिसले. अपघात न करणारे शांत, कामाशी काम ठेवणारे, समोरचा चुकेल असं गृहीत धरून चालणारे. मग त्यांनी 96 अपघाती चालकांची नावं न्यायालयं, उधारीची नोंद ठेवणाऱ्या संस्था, समाजसेवा आणि आरोग्य खात्यांत शोधली. 66 टक्के नावं कुठे ना कुठे सापडली. अपघात नसलेल्या 100 जणांत हे प्रमाण 9 टक्के निघालं. निष्कर्ष सरळ होता: माणूस जसा जगतो, तशीच गाडी चालवतो.

हे वाचलं तेव्हा मला आमचे एमटी जेसीओ साहेब आठवले. सिक्कीममध्ये गंगटोकहून नाथू लाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या गाड्या रोज असायच्या. धुकं, बर्फ, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही. सकाळी ड्युटीची यादी करताना साहेब कधीकधी एखादं नाव खोडायचे. "सर, आज इसको नहीं. रात भर घर पे फोन चल रहा था." कोण उधारी करतो, कोण सुट्टीवरून उशिरा येतो, कोणाचं लंगरमध्ये भांडण झालं, हे सारं त्यांना ठाऊक असायचं. टिलमन यांचं नावही न ऐकलेला हा माणूस त्यांचीच पद्धत चालवत होता.

पण फरकही होता, आणि तो महत्त्वाचा आहे. साहेब 'आज नको' म्हणत. 'हा माणूसच असा' असं म्हणत नसत. पुढच्या दशकांत संशोधकही तिकडेच आले. एका वर्षी ज्यांचे अपघात जास्त, तेच पुढच्या वर्षी जास्त अपघात करतील असं खात्रीने सांगता येईना. नशिबाचा वाटाही बराच निघाला. शिवाय जो दिवसरात्र रस्त्यावर असतो त्याला धोकाही जास्त. एखाद्याचं नाव न्यायालयाच्या वहीत असणं हे स्वभावाइतकंच गरिबीचंही लक्षण असू शकतं. अपघातप्रवण माणसाची कल्पना मागे पडली. तिच्या जागी थकवा, झोप, रस्ता, गाडीची अवस्था, देखरेख हे प्रश्न आले.

आम्हा सैनिकांसाठी हा फरक पुस्तकी नाही. मागे ट्रकमध्ये वीस जवान बसलेले असतात. अपघात झाला की 'ड्रायव्हर बेफिकीर होता' हे एक वाक्य लिहून फाइल बंद करता येते, आणि तो आदल्या रात्री किती झोपला होता हे कोणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट शेजारच्या सीटची. फौजी गाडीत चालकाच्या बाजूला बसलेला गाडीचा कमांडर वेगाला जबाबदार असतो. मी एकच चालक दोन अधिकाऱ्यांबरोबर बघितलाय. घड्याळाकडे बघत "चल, चल" करणाऱ्याबरोबर तो वळणावर हॉर्न न वाजवता घुसायचा. जो घाटाआधी पाच मिनिटं थांबवून चहा पाजायचा, त्याच्याबरोबर तोच चालक वळणाच्या आधीच गियर उतरवायचा. स्टिअरिंग एकाच्या हातात होतं, स्वभाव मात्र दुसऱ्याचा दिसत होता.

म्हणून गाडीच्या चालीवरून माणूस ओळखावा, जरूर ओळखावा, पण दमयंतीसारखा. घोष ऐकून शंका घ्यावी, मग चौकशी करावी. आणि चौकशी चालकापासून सुरू झाली तरी ती शेजारच्या सीटपर्यंत न्यावी.