गुराबेचा उथळ तळ : मराठा आरमारातील जहाजबांधणी आणि युद्धक्षमता

प्रस्तावना

मराठ्यांच्या आरमाराचा अभ्यास बहुतांशी जलदुर्ग, सरखेल आणि लढाया यांच्याभोवती फिरत राहिला आहे. ज्या जहाजांच्या बळावर या लढाया लढल्या गेल्या, त्यांच्या बांधणीकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. वास्तविक जहाज किती वेगाने जाईल, लाटांत कितपत स्थिर राहील, कोणत्या खाडीत शिरू शकेल आणि किती वजनाच्या तोफा पेलू शकेल, हे ठरविणारा प्रमुख घटक त्याच्या तळाचा आकार हाच होय. विदर्भातील वाचकास वैनगंगेवरील ढिवरांचा डोंगा परिचित आहे. तो उथळ पात्रात सहज चालतो, परंतु मोठ्या लाटेपुढे टिकत नाही. हाच पेच मोठ्या प्रमाणावर कोकण किनाऱ्यावरील कारागिरांपुढे होता. मराठा आरमारातील गुराब या जहाजाच्या आधारे त्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गुराबेची बांधणी

गुराब व गलबत यांचे सर्वांत तपशीलवार वर्णन इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने केले आहे. त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. हे वर्णन शत्रुपक्षाचे असले तरी त्यातील तांत्रिक तपशील पूर्वग्रहापासून बऱ्याच अंशी मुक्त आहे आणि म्हणूनच ते मोलाचे ठरते. ऑर्मच्या मते गुराबेस सामान्यतः दोन, क्वचित तीन डोलकाठ्या असत. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत, तर तीन डोलकाठ्यांची सुमारे तीनशे टनांची असे. लांबीच्या मानाने तिची रुंदी पुष्कळ असे व पाण्याखाली बुडणारा भाग अगदी थोडा असे. मध्यभागापासून पुढे ती निमुळती होत जाई आणि युरोपीय जहाजाच्या फुगीर अग्रभागाऐवजी तिला भूमध्य समुद्रातील गॅली जहाजाप्रमाणे पुढे झेपावणारी नाळ असे.

या आकाराची किंमतही ऑर्मने नोंदविली आहे. समोरून लाटा येत असताना गुराबेची नाळ फार जोराने वर-खाली होई. याचे कारण उघड आहे. निमुळत्या नाळेखाली जहाजास वर उचलून धरण्याइतके आकारमान नसते. त्यामुळे ती लाटेत खोल बुडते आणि लगेच उसळते. कारागिरांनी हा दोष नाहीसा केला नाही, तर त्याच्याशी तडजोड केली. नाळेवरील तक्तपोशीस कठडेच ठेवले नाहीत, जेणेकरून वर चढलेले पाणी न अडता वाहून जावे. तिच्या मागील आडभिंतीस भोके पाडून दोन तोफा थेट समोर रोखलेल्या असत आणि त्यांचे गोळे नाळेवरून जात. हे वर्णन वाचल्यावर या बांधणीस अडाणी म्हणणे कठीण आहे.

गलबत ही त्याच घडणीची लहान आवृत्ती होती. मोठ्यात मोठे गलबत सत्तर टनांच्या आसपास असे. चाळीस-पन्नास वल्ह्यांच्या जोरावर ते ताशी चार मैल जाऊ शके. वारा पडला की गलबतेच गुराबांना ओढून नेत. उथळ, हलक्या तळामुळेच हे ओढणे शक्य होते, हे लक्षात घेतले पाहिजे.

आज्ञापत्रातील धोरण

हा आकार केवळ परंपरेने चालत आलेला नव्हता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (इ.स. १७१५-१६) गुराबा फार मोठ्या नव्हेत व फार लहानही नव्हेत, अशा मध्यम बांधाव्यात आणि वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरणारी थोर जहाजे करू नयेत, असे सांगितले आहे. पावसाळ्यापूर्वी आरमार किल्ल्याच्या आश्रयाच्या बंदरात छावणीस न्यावे, असाही दंडक आहे. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खाडीकाठी खडक खोदून केलेली गोदी आजही दिसते. भरतीच्या पाण्याबरोबर आत येऊन ओहोटीस जमिनीवर टेकण्यास उथळ व रुंद तळाचे जहाजच सोयीचे होय.

वेग आणि स्थैर्य यांचा हा झगडा यांत्रिक नौकांच्या युगातही मिटलेला नाही. सपाट तळाची वेगवान नौका शांत पाण्यावर चटकन वर उचलली जाऊन सरकते, परंतु लाटांवर आदळते. रेमंड हंट या अमेरिकन रचनाकाराने खोल ‘व्ही’ आकाराचा तळ पुढे आणला आणि त्या धर्तीच्या ‘मॉपी’ या नौकेने १९६० मध्ये खवळलेल्या समुद्रात मायामी-नसाऊ शर्यत जिंकली. लाट कापणाऱ्या त्या तळास मात्र अधिक शक्तीचे यंत्र लागते. गुराब पाण्यावर सरकणारी नौका नव्हती, त्यामुळे ही तुलना फार ताणता येणार नाही. तथापि एका गुणासाठी दुसरा सोडावा लागतो, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

आकारातून घडलेले युद्धतंत्र

आंग्र्यांची लढण्याची रीत या तळाशी जुळणारी होती. ऑर्मच्या वर्णनानुसार गुराबा शत्रूच्या पिछाडीस जमत. तेथून नाळेवरील तोफांनी प्रथम डोलकाठ्यांवर मारा होई. जहाज पंगू झाल्यावर त्या जवळ येत आणि तरीही प्रतिकार चालू राहिल्यास गलबतांतील माणसे तलवारी घेऊन त्यावर चढत. डिसेंबर १७३५ मध्ये संभाजी आंग्रे यांच्या आरमाराने ‘डर्बी’ हे ईस्ट इंडिया कंपनीचे मोठे व्यापारी जहाज पकडले. उलट, उथळ तळ व हलकी बांधणी यांमुळे दोन्ही बाजूंस अवजड तोफांच्या रांगा ठेवणे गुराबेस शक्य नव्हते. बाजूस बाजू भिडवून होणाऱ्या लढाईत ती युरोपीय युद्धनौकेपुढे उणी पडे.

१७५५ मध्ये कमोडोर जेम्सच्या ४४ तोफांच्या ‘प्रोटेक्टर’ने तुळाजी आंग्रे यांच्या जहाजांचा पाठलाग केला. तेव्हा खलाशांनी जहाजावरील अडगळ समुद्रात फेकून दिली, अंगावरची वस्त्रे व पागोटीसुद्धा वाऱ्यासाठी टांगली आणि ती जहाजे निसटली. येथे हलका तळ उपयोगी पडला.

पुढच्याच वर्षी परिस्थिती उलटली. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनचा काफिला विजयदुर्गासमोर आला. पेशव्यांचे सैन्य जमिनीवरून इंग्रजांच्या बाजूस होते. ज्या खाडीने आरमारास पिढ्यानपिढ्या आसरा दिला, तीत गुराबा किल्ल्याच्या छायेत एकमेकींस लागून उभ्या होत्या. त्यांत कंपनीकडून पूर्वी जिंकलेले ‘रेस्टोरेशन’ हे जहाजही होते. इंग्रजांचा एक उखळी गोळा त्याच जहाजावर पडून आग लागली, ती शेजारच्या गुराबांवर पसरली आणि आंग्र्यांचे आरमार समुद्रात न उतरताच जळून गेले.