ठिपके कोणासाठी?

अरबी मुळाक्षरे २८. आपल्या स्वर-व्यंजनांत आणि जोडाक्षरांत हात घोटलेल्या माणसाला हा आकडा ऐकून हायसे वाटते. उजवीकडून डावीकडे लिहायचे, त्याचीही चार दिवसांत सवय होते. पण आठवडाभर गिरवल्यावर लक्षात येते की अक्षरे २८ असली तरी मूळ आकृत्या त्याहून पुष्कळ कमी आहेत. बाकीचा सगळा कारभार ठिपक्यांवर चालतो.

रेघेवर करवतीचा एक बारीक दात काढा. त्याच्या खाली एक ठिपका दिला की झाला 'बा'. वर दोन दिले की 'ता', तीन दिले की 'था'. वर एकच दिला की 'नून', आणि खाली दोन दिले की 'या'. शब्दाच्या मध्ये आली की या पाचही अक्षरांचे अंग एकच. आता गंमत पहा. 'बैत' म्हणजे घर, 'बिन्त' म्हणजे मुलगी आणि 'नब्त' म्हणजे रोप. तिन्ही शब्दांतले ठिपके पुसून टाकले तर घर, मुलगी आणि रोप यांत काडीचाही फरक उरत नाही!

शिवाय अक्षरे एकमेकांचे हात धरून चालतात. शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी आणि एकटे असताना अक्षराचे रूप बदलते. अलिफ, दाल, धाल, रा, झाय आणि वाव ही सहा अक्षरे मात्र जरा तुसडी. मागच्याचा हात धरतात, पण पुढच्याला आपला हात देत नाहीत. आमच्या आजोबांच्या पिढीला याचे फारसे नवल वाटले नसते. लेखणी शक्य तितकी न उचलता लिहायची मोडी त्यांनी पाहिली होती, आणि मोडीतही ऱ्हस्व-दीर्घ संदर्भानेच ओळखायचे असते.

या वयात हे कुठून सुचले, असे नातेवाईक विचारतात म्हणून सांगते. माझी मुलगी शारजाला असते. तिथल्या शाळेत नातवाला अरबी सक्तीचे आहे. लागोपाठ दोन हिवाळे मी तिच्याकडे राहिले आणि त्याच्या वहीवरून मीही गिरवू लागले. जन्मभर मुलांना अक्षरे शिकवली, त्यामुळे कोणतेही अक्षर समोर आले की 'हे असेच का?' असे विचारायची खोड जात नाही. या ठिपक्यांच्या बाबतीतही तेच झाले, आणि जे वाचायला मिळाले ते माझ्यातल्या मास्तरणीला फार आवडले.

अरबी लिपी आली नबाती लोकांच्या लिपीतून. आजच्या जॉर्डनमधल्या पेट्रा या डोंगरात कोरलेल्या नगरीचे हे व्यापारी लोक. त्यांची लिपी मुळात अरमाईक भाषेची, २२ अक्षरांची. अरबीत व्यंजने २८. म्हणजे सहा आवाजांना घरच नव्हते. त्यांनी दुसऱ्यांच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहायचे! त्यातच भराभर लिहिण्याच्या नादात निरनिराळ्या अक्षरांचे आकारही एकसारखे होत गेले. सीरियात सापडलेला नमारा येथील इ. स. ३२८चा शिलालेख आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्याची भाषा अरबी, लिपी नबाती, आणि ठिपक्यांचा पत्ता नाही.

ठिपके मग आले कधी? व्हिएन्नामध्ये इ. स. ६४३ची इजिप्तमधली एक पावती जपून ठेवली आहे. सैन्याला मेंढ्या पुरवल्याची ही पावती ग्रीक आणि अरबी अशा दोन भाषांत आहे. तिच्यातल्या काही अक्षरांवर ठिपके आहेत, बाकीच्यांवर नाहीत. म्हणजे युक्ती माहीत होती, पण ती मनाला येईल तशी वापरायची. ज्याची भाषा जन्माची, त्याला ठिपक्यावाचून अडत नव्हते. वाक्य वाचले की घर कुठले आणि रोप कुठले हे त्याला आपोआप समजत होते.

अडले ते इतरांचे. सातव्या शतकात अरबांचे राज्य झपाट्याने पसरले. इराकमध्ये बसरा आणि कूफा ही लष्करी ठाणी वसली आणि त्यांची भरभराटीची शहरे झाली. तिथे फारसी बोलणारे, अरमाईक बोलणारे लोक अरबी शिकू लागले. इ. स. ७००च्या सुमारास सरकारी दप्तरही अरबीत आले. आता ही लिपी अशा लोकांना वाचायची होती, ज्यांच्या कानात ती भाषा लहानपणापासून नव्हती.

त्यात स्वरांचा प्रश्न वेगळाच. अरबीत ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत. क-त-ब ही तीन व्यंजने तुम्ही 'कतब' (त्याने लिहिले), 'कुतिब' (लिहिले गेले) किंवा 'कुतुब' (पुस्तके) अशी कशीही वाचू शकता. परंपरा सांगते की बसऱ्याच्या अबुल अस्वद अद्-दुअली या विद्वानाने कुराणाचे एक वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकले. एका स्वराच्या फरकाने अर्थ भलताच होत होता. तेव्हा त्याने एक लेखनिक समोर बसवला आणि सांगितले, माझ्या तोंडाकडे बघ. ओठ उघडले की अक्षराच्या वर ठिपका दे, ओठ मिटले की पुढे दे, ओठ खाली गेले की खाली दे. हे ठिपके वेगळ्या रंगाच्या, लाल शाईने दिले जात. आजही या स्वरखुणांची नावे फत्हा, दम्मा आणि कस्रा, म्हणजे उघडणे, मिटवणे आणि मोडणे अशीच आहेत. अबुल अस्वद वारला इ. स. ६८८च्या सुमारास. पहिलीच्या वर्गात 'बाळांनो, माझ्या तोंडाकडे बघा' असे म्हणताना आपल्यामागे एवढी जुनी परंपरा आहे हे आम्हाला कुठे ठाऊक होते!

पुढे व्यंजनांचे ठिपके नियमित झाले. त्याचे श्रेय परंपरेने अबुल अस्वदच्या शिष्यांना आणि इराकचा सुभेदार हज्जाज याला दिले जाते. एकसारख्या आकाराची अक्षरे शेजारी-शेजारी बसवून मुळाक्षरांचा नवा क्रमही झाला. बा, ता, था ओळीने येतात ती त्यामुळे. शिकणाऱ्याला सोपे जावे म्हणून. आठव्या शतकात मूळच्या ओमानच्या खलील इब्न अहमदने लाल ठिपक्यांच्या जागी आजच्या छोट्या खुणा आणल्या. त्याच खलीलने आपल्या शब्दकोशात अक्षरे उच्चाराच्या जागेप्रमाणे लावली. घशातल्या 'ऐन'पासून आरंभ आणि मग हळूहळू ओठांकडे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य घोकलेल्या आपल्या लोकांना हे वाचून घरचे माणूस भेटल्यासारखे होते. यात भारतीय प्रभाव आहे की दोघांना स्वतंत्रपणे सुचले, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत.

खलीलचा शिष्य सीबवैही हा जन्माने इराणी. तरुणपणी अरबी वाचताना गुरूने त्याची चूक काढली, तेव्हा पुन्हा कुणाला चूक काढता येणार नाही इतके व्याकरण शिकेन असे त्याने ठरवले, अशी गोष्ट सांगतात. अरबी व्याकरणाचा पायाभूत ग्रंथ त्याच्याच हातचा. परका विद्यार्थीच पुढे सगळ्यांचा गुरू झाला!

पण जाणत्यांना हे सगळे आवडले असे नाही. पत्रात फार ठिपके देणे म्हणजे वाचणाऱ्याला अडाणी समजणे, असा दरबारी लेखनिकांत समज होता. आजही अरबी वर्तमानपत्रात स्वरखुणा छापत नाहीत. त्या असतात कुराणात आणि मुलांच्या पुस्तकांत.

आता उच्चारांचे पाहू. चष्म्याच्या काचेवर आपण वाफ सोडतो, तीच घसा आवळून सोडली की एक 'हा' होतो. आपला नेहमीचा 'ह' वेगळा. 'ऐन' तर घशाच्या इतका तळाशी की आपल्याकडे त्याचा नुसता 'अ' उरला. अक्कल, अर्ज, अदालत हे शब्द मूळचे ऐनचे. जकात, मजकूर, कर्ज आणि जुलूम या शब्दांतले 'ज' अरबीत चार निरनिराळी अक्षरे आहेत. फारसीत येताना ती उच्चारात एक झाली आणि मराठीत 'ज' म्हणून उतरली. कर्जातले अक्षर 'दाद'. अरबी लोक आपल्या भाषेला अभिमानाने 'दादची भाषा' म्हणतात. आणि सीबवैहीने दादचा जो उच्चार वर्णिला आहे, जिभेची कड दाढांना लावून करायचा, तो आज बहुतेक अरबही करत नाहीत!

हे सारे लिहायचे कारण आपल्याच घरात आहे. परदेशात वाढणारी आपली नातवंडे सुट्टीत येतात. हौसेने मराठी पुस्तक उघडतात आणि 'चाक' मधला 'च' 'चार' सारखा म्हणतात, 'झाड' मधला 'झ' 'झेंडा' सारखा. मग बसलेली मंडळी खो-खो हसतात. पोर पुस्तक मिटते ते पुन्हा उघडत नाही. मला सांगा, त्या पोराचे काय चुकले? पुस्तकात दोन्ही 'च' एकच छापले आहेत. आपल्याला ते उमजते कारण आपण ते आईच्या तोंडून ऐकलेले असते. म्हणजे आपणही त्या दरबारी लेखनिकांसारखेच. ठिपका देत नाही आणि वाचता येत नाही म्हणून हसतो.

मी नातवाच्या मराठी वाचनमालेत 'चाक', 'चमचा', 'जमीन', 'झाड' अशा शब्दांतल्या दंत्य अक्षरांखाली लाल पेनाने ठिपका देऊन ठेवला आहे. हिंदीत अक्षराखाली देतात त्या ठिपक्याला नुक्ता म्हणतात, आणि तो शब्दही अरबीच आहे. चार महिन्यांत त्याची निम्म्याहून अधिक पाने वाचून झाली. ठिपक्यांची गरज संपली की तो आपणहून त्यांच्याकडे बघायचे सोडून देईल. तुमच्याही घरी असे एखादे पोर असेल तर एवढे करून पहा. पेन दहा रुपयांना मिळते.