जुलमी राजवटीतील खासगी पत्र: कवींद्र परमानंदांच्या निमित्ताने

पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी आहे. तिथून आंबेनळी घाटाने वर गेले की प्रतापगड, महाडच्या अंगाला रायगड. 'शिवभारत' या संस्कृत महाकाव्याचा हा कर्ता मूळचा नेवाशाचा. तंजावरच्या पोथीवरून स. म. दिवेकरांनी १९२७ मध्ये हे काव्य प्रसिद्ध केले. एकतीस अध्याय पूर्ण होतात, बत्तिसाव्यातले मोजके श्लोक हाती लागतात आणि शृंगारपूरच्या मोहिमेशी, म्हणजे १६६१ च्या सुमारास, कथा तुटते. १६६६ चा आग्र्याचा प्रसंग त्यात येतच नाही. कवी मात्र त्या प्रवासात शिवाजी महाराजांबरोबर होता. ही माहिती त्याच्या काव्यातून मिळत नाही. आंबेरच्या कछवाहा घराण्यातल्या दोन कारभाऱ्यांमधल्या खासगी पत्रांतून ती मिळते.

जुलमी सत्तेखाली लिहिलेले खासगी पत्र पुरावा म्हणून किती भरवशाचे, हा प्रश्न इथे उभा राहतो. दरबारी बखर खोटी आणि खासगी पत्र खरे, अशी वाटणी सर्रास केली जाते. ती फार भाबडी आहे. पत्र लिहिणारा एक आणि वाचणारा एक, हे दिसायला ठीक. पण जुलमी राजवटीत दोघांच्या मध्ये तिसरा कोणीतरी असतो किंवा असू शकतो. हा तिसरा कुठे उभा आहे, हे आधी ठरवावे लागते. पत्राच्या खरेखोटेपणाची चर्चा त्यानंतरची.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आपल्याकडचे नाही. रशियन संगीतकार दमित्री शोस्ताकोविच यांनी लेनिनग्राडमधील मित्र इसाक ग्लिकमन यांना १९४१ पासून अखेरपर्यंत पत्रे लिहिली. ती सरकारी टपालाने जात. वाटेत पाकीट फोडले जाईल हे लिहिणाऱ्याला माहीत होते आणि वाचणाऱ्यालाही. म्हणून १९५७ च्या डिसेंबरात ओडेसाहून लिहिलेल्या पत्रात ते पुढाऱ्यांच्या नावांची माळ सरकारी वर्तमानपत्राच्या थाटात गुंफतात. पाकीट फोडणाऱ्याला त्यात भक्ती दिसावी, ग्लिकमनला उपहास. पण १९६० च्या जुलैमधले पत्र सरळ आहे. आठवी चौकडी, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीची ती रचना, ड्रेस्डेनजवळच्या मुक्कामात तीन दिवसांत झाली होती. वर अर्पण फॅसिझम आणि युद्धाच्या बळींना. मित्राला मात्र ते कळवतात की ही रचना खरे तर माझ्याच स्मृतीसाठी आहे. दोन्ही पत्रांचा लेखक एक, मित्र एक, टपालही तेच. तरी एक उलटे वाचायचे आणि दुसरे सुलटे. तेव्हा खासगीपणा पाकिटावरून ठरत नाही. त्या दिवशी कोणती जोखीम घ्यायची हे लिहिणाऱ्याने ठरवलेले असते.

आता आग्रा. १२ मे १६६६ रोजी मोगल बादशहाच्या दरबारात महाराजांचा अपमान झाला आणि पुढे त्यांच्या मुक्कामाभोवती फुलादखानाचे पहारे बसले. मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंग त्यांना जामीन होता. या रामसिंगाच्या पदरचा परकालदास आंबेरच्या कल्याणदासाला राजस्थानी भाषेत आग्र्याची हकीकत कळवत राहिला. ही पत्रे जयपूरच्या दप्तरातून जदुनाथ सरकारांच्या हाती आली. हा घराण्याच्या आतला व्यवहार. बादशहाच्या नजरेखालून जाण्यासाठी तो लिहिलेला नव्हता. म्हणून इथे उपहासाची, आडवळणाची गरज पडली नाही. परकालदास महाराजांचे वर्णन करतो ते सडेतोड आहे: देह सडपातळ, ठेंगणा, वर्ण अतिशय गोरा, आणि कोणी सांगितले नाही तरी हा राज्यकर्ता आहे हे पाहताच कळावे असा बाणा. बादशहाच्या कैदेतल्या माणसाविषयी बादशहाच्याच मांडलिकाचा चाकर असे लिहितो.

तरीही ही पत्रे निर्मळ समजू नयेत. धनी रामसिंग, त्यामुळे त्याचे धैर्य, त्याची निष्ठा जागोजाग उजळून येते. अशा वेळी कसोटी लावावी ती अशी: जी गोष्ट सांगून लिहिणाऱ्याचा ना फायदा ना तोटा, ती बहुधा जशी घडली तशी आलेली असते. कवींद्राला महाराजांकडून हत्ती-घोड्याची बक्षिसी मिळाली, ही अशीच एक जाता जाता केलेली नोंद. परकालदासाला त्या कवीचे काही देणेघेणे नव्हते, आणि म्हणूनच ती मोलाची.

याउलट जयसिंगांची पत्रे पाहावीत. मुन्शी उदैराजाने त्यांचा संग्रह 'हफ्त अंजुमन' या नावाने केला. महाराज आग्र्याहून निसटल्यावर संशयाचे बोट रामसिंगाकडे वळले, त्याला दरबारात येण्याची मनाई झाली. दख्खनेत अडकलेला हा वृद्ध सेनापती मग वजीर जाफरखानाला लिहितो, की सोयरिकीचे आमिष दाखवून शिवाजीला गाठण्याचीही आपली तयारी आहे. यावरून जयसिंगांचा खरा मनसुबा काढणाऱ्या अभ्यासकांशी माझे जमत नाही. वजिराला लिहिलेले पत्र शेवटी बादशहाच्याच कानी जाणार. हे लिहिणाऱ्या बापाचा मुलगा आग्र्यात संशयित म्हणून बसला होता. या पत्रात मनसुबा किती आणि मुलाला वाचवण्याची धडपड किती, हे वजन केल्याशिवाय ते पुराव्यात घेता येत नाही.

परकालदासाच्या पत्रांचे आणखी एक बळ आहे, आणि मला तेच सर्वांत मोठे वाटते. शेवट काय होणार, हे त्याला ठाऊक नव्हते. महाराज बरोबरच्या लोकांना निरोप देत आहेत, बक्षिसे वाटत आहेत, असे तो लिहितो तेव्हा त्याला त्यात फक्त एक बातमी दिसते. ऑगस्टमधल्या सुटकेनंतर आपण तीच नोंद वाचतो आणि पूर्वतयारी पाहतो. कवीला दिलेला हत्ती हे औदार्य होते, की अवजड सामान आणि जपायची माणसे वेळीच आग्र्याबाहेर काढण्याची युक्ती? पत्र या प्रश्नाचे उत्तर देत नाही, कारण लिहिताना तो प्रश्नच नव्हता. सुटकेनंतर कवींद्र दौशाला अडवले गेले, यावरून त्यांचे पुढे निघून जाणे बादशाही अंमलदारांना साधे वाटले नव्हते एवढे दिसते.

ग्लिकमन यांची स्थिती नेमकी उलटी. सोव्हिएत संघ कोसळल्यावर, १९९३ मध्ये, त्यांनी मित्राची पत्रे स्वतःच्या टिपांसह छापली. पत्रे त्या त्या दिवसाची, टिपा मात्र शेवट पाहून झालेल्या माणसाच्या. कोणते वाक्य उपहासाचे, हे बरेचदा टीप सांगते, पत्र सांगत नाही. त्यामुळे पत्र आणि टीप हे दोन वेगळे साक्षीदार धरून दोघांची उलटतपासणी वेगवेगळी घ्यावी लागते. आंबेरच्या पत्रांना असा टीपकार नाही. तिथे ते काम आपल्याकडे येते, आणि आपणही शेवट माहीत असलेलेच वाचक आहोत.