बांधकामाचा तंटा व पंचांचा निवाडा

बांधकामाचे तंटे न्यायालयाबाहेर मिटविण्याची युक्ति आपणांस इंग्रजी कायद्यानें शिकविली, असा सुशिक्षितांत एक समज रूढ आहे. १८९९ चा लवादाचा कायदा (तोहि प्रथम मुंबईसारख्या इलाख्याच्या शहरांपुरता), मग १९४० चा, आणि सांप्रतचा १९९६ चा, एवढीं नांवें घेतलीं म्हणजे इतिहास संपला असें वाटतें. खानदेशांत पांझरेच्या कांठीं तो याहून बराच मागें जातो.

धुळें व साक्री या बाजूस पांझरेवर जुन्या दगडी बंधाऱ्यांची मालिका आहे. त्यांवरील फडपद्धति तीनचारशें वर्षांची मानितात. कांहीं फड आजहि तग धरून आहेत. बंधाऱ्यापासून पाट निघतो, पाटाच्या चाऱ्या होतात, आणि भिजणारी जमीन तीनचार फडांत वांटलेली असते. एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें. बागायतदाराची जमीन बहुधा प्रत्येक फडांत थोडीथोडी असते. पाटावर पाटकरी, पाणीवांटपास बारेकरी, पिकाच्या राखणीस जागल्या, आणि या सर्वांवर बागायतदारांनीं निवडलेले पंच. पुरानें बंधाऱ्याचे दगड निखळले, पाट गाळानें भरला, तर दुरुस्ती बागायतदारांनींच वर्गणीनें व अंगमेहनतीनें करावयाची. अर्थात् तंटे आलेच! कोणाचा माणूस कामावर आला नाहीं, कोणी वर्गणी थकविली, कोणी चारी फोडून आधीं पाणी घेतलें. पंच जागेवर जाऊन निकाल देत व दंड बसवीत.

हा निकाल लोक मानीत, तो पंचांच्या सद्गुणांमुळेंच असें आम्हांस वाटत नाहीं. पंचाचा ऊसहि त्याच पाटावर उभा असे. निकाल लांबला तर दुरुस्ती लांबणार, आणि दुरुस्ती लांबली तर त्याचेंहि पीक वाळणार. दंड चुकविणाऱ्यासहि पुढल्या पाळीला त्याच चारीवर त्याच शेजाऱ्यांसमोर उभें राहावयाचें असे. जमीन नसलेल्या मजुराला मात्र या पंचांत स्थान नव्हतें, हें विसरून या पद्धतीचे गोडवे गाऊं नयेत.

पेशवाईंत इतर तंट्यांसहि हीच वाट होती. निवाडा मान्य करूं असा राजीनामा वादी-प्रतिवादी आधींच लिहून देत, मग पंच बसत. एल्फिन्स्टननें १८१९ च्या आपल्या अहवालांत पंचायतीचे दोष सांगितले, तरी ती मोडूं नये असें त्याचें मत पडलें. १८२७ च्या मुंबईच्या सातव्या रेग्युलेशनांत लवादास जागाहि मिळाली. पण न्यायालयें वाढलीं तशी पंचायत मागें पडली. आणि रस्ते, पूल, कालवे सरकारी खात्याच्या कंत्राटानें होऊं लागल्यावर एक नवाच प्रकार उद्भवला. कंत्राटदाराचा तंटा खात्याशीं, आणि निवाडा खात्याच्याच सुपरिंटेंडिंग इंजिनिअरचा! फडाचा पंचहि हितसंबंधी होता हें खरें. परंतु त्याचें हित काम पुरें होण्यांत दोन्ही पक्षांबरोबर होतें. इंजिनिअर एकाच पक्षाचा पगारी नोकर. तरीहि करारांत तसें कलम असेल, तर केवळ नोकरीमुळें तो लवाद म्हणून अपात्र ठरत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८८ त तामिळनाडू सरकारच्या एका प्रकरणांत म्हटलें. २०१५ च्या दुरुस्तीनें असा नोकर अपात्र ठरला. आणि नोव्हेंबर २०२४ त पांच न्यायाधीशांच्या पीठानें एकट्या लवादाची नेमणूक एकाच पक्षाच्या हातीं ठेवणारीं कलमें विषमतेचीं म्हणून अमान्य केलीं.

न्यायाची ही बाजू सुधारली. खर्चाची मात्र तशी सुधारली नाहीं. त्याच २०१५ च्या दुरुस्तीनें जोडलेल्या चौथ्या परिशिष्टांत ५ लाखांपर्यंतच्या वादास लवादाचें शुल्क ४५,००० रुपये, आणि लवाद एकटाच असेल तर त्यावर आणखी शेंकडा २५, असा नमुना दिला आहे. म्हणजे ५६,२५० रुपये, वकील निराळा. जळगांव जिल्ह्यांतल्या एखाद्या गांवच्या मोरीचें चार लाखांचें बिल अडलेला छोटा कंत्राटदार हा हिशोब मांडतो, तेव्हां त्याच्या दारांत गवंडी व बिगारी मजुरीसाठीं उभे असतात. आणि खातें निम्म्या रकमेवर तडजोडीस तयार असेल, तर तो बहुधा तेथेंच सही करतो.